विकत घेतलं म्हणजे नक्की काय घेतलं?

परवा भारतात जायच्या बॅगा भरत होतो. हा काय प्रकार असतो ते इकडे राहणाऱ्या कुणालाही विचारा. वजनकाटा, दर बॅगेला २३ किलोची मर्यादा आणि बायकोची यादी. या वेळी यादीत एक नवीन गोष्ट होती. आमचे चिरंजीव आता कॉलेजात गेलेत आणि अभ्यासामुळे (असं तो म्हणतो) त्याला खेळायला वेळ नाही. तेव्हा त्याचा जुना गेम कन्सोल आणि सगळे गेम साताऱ्याच्या पुतण्याला द्यायचे, असं दोघा भावांचं फोनवर परस्पर ठरलं होतं.

मी खूष झालो. थोरल्याचं धाकट्याने वापरायचं ही आपल्या घरातली जुनी रीत. माझी नववीची पुस्तकं दादाची होती. इतिहासाच्या पुस्तकातल्या चित्रांना त्याने काढलेल्या मिशासुद्धा मला वारशाने मिळाल्या होत्या.

कन्सोल बॅगेत गेला, अकरा डिस्क गेल्या. मी म्हटलं, "बाकीचे कुठे आहेत? तुझ्याकडे ढीगभर होते ना?"

"बाकीचे डाउनलोड आहेत, बाबा. ते देता येत नाहीत."

मोजून चोवीस गेम. काही वाढदिवसाचे, काही दिवाळीला आजीने पाठवलेल्या पैशांतले आणि बरेचसे शेजाऱ्यांच्या दारातला बर्फ उपसून मिळवलेल्या डॉलरांचे. मला पटेना. मी त्या कंपनीच्या ग्राहकसेवेशी तासभर चॅट केलं. पलीकडचा माणूस (किंवा यंत्र) फार नम्र होता. खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. एक गेम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जात नाही. मी विचारलं, "मग आम्ही विकत काय घेतलं?" उत्तर आलं, "तुम्ही गेम वापरण्याचा वैयक्तिक परवाना घेतला आहे."

एक पळवाट आहे, ती जाणकार लगेच सांगतील. मुलाचं खातंच त्या कन्सोलवर ठेवून द्यायचं, म्हणजे पुतण्याला खेळता येईल. येईल खरं. पण त्या खात्याला मुलाचा ईमेल आहे, कार्ड आहे, आणि उद्या त्याने स्वतःसाठी नवा कन्सोल घेतला की पुन्हा रस्सीखेच. शिवाय याला देणं म्हणत नाहीत. याला 'आपली किल्ली शेजाऱ्याकडे ठेवणं' म्हणतात.

आता मुद्द्यावर येतो. गेम डाउनलोड करावा की डिस्क घ्यावी, हा वाद पोरासोरांचा आहे असं समजून तुम्ही पान उलटू नका. हा वाद गेमचा नाहीच. तो 'विकत घेणे' या दोन शब्दांचा आहे, आणि आज गेमच्या बाबतीत जे झालं ते तुमच्या पुस्तकांच्या, गाण्यांच्या, सिनेमांच्या बाबतीत होऊन चुकलंय.

इथे अमेरिकेत एक जुना खटला आहे, १९०८ सालचा. एका प्रकाशकाने कादंबरीच्या आत छापलं होतं की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला कुणी विकायचं नाही. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकायला काढलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने सांगितलं, प्रत एकदा विकलीत, की पुढे तिचं काय होतं यावर तुमचा हक्क संपला. पुढे हे तत्त्व कायद्यातच आलं. आपल्याकडे अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेताना आपण कुठे असा विचार करतो? पण जुन्या पुस्तकांची दुकानं, रद्दीवाले, वाचनालयं, सगळ्यांच्या मुळाशी हीच साधी गोष्ट आहे. माझी वस्तू, मी देईन नाहीतर विकेन.

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांच्या शेजारी गेमच्या डिस्कचं कपाट आहे. इथल्या बऱ्याच वाचनालयांत असतं. मुलाने आयुष्यातले पहिले चार-पाच गेम तिथूनच आणून खेळले, फुकट. डाउनलोडवाला गेम असा कपाटात ठेवता येत नाही. म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठी तो दरवाजाच बंद.

"मग डाउनलोड केलेली फाईल विकावी की," असं एका कंपनीला वाटलं होतं. रीडिजी तिचं नाव. विकत घेतलेली गाणी लोकांनी एकमेकांना विकावीत, अशी सोय तिने काढली. फाईल पाठवणं म्हणजे नवी नक्कल करणं, म्हणून जुनं तत्त्व इथे लागू नाही, असा निकाल २०१८ मध्ये अपील न्यायालयाने दिला. तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे, मी स्वतः सॉफ्टवेअरवाला आहे. पण परिणाम बघा. शंभर वर्षं ग्राहकाच्या हातात असलेला हक्क, वस्तू प्लास्टिकची राहिली नाही एवढ्याच कारणाने गेला. किंमत मात्र गेली नाही. नवा गेम आला की डिस्क आणि डाउनलोड बहुतेक वेळा एकाच भावाने विकले जातात. खोका नाही, वाहतूक नाही, दुकानदाराचं भाडं नाही, तरी तेवढेच पैसे! आणि वर पुन्हा विकायची सोय नाही.

मुंबईतल्या पागडीच्या खोल्यांना लोक नावं ठेवतात. पैसे मोजायचे आणि मालक दुसराच. पण पागडीच्या खोलीतसुद्धा घरमालकाला त्याचा वाटा देऊन खोली दुसऱ्याच्या नावावर करता येते. आमच्या चोवीस गेमना तेवढीही किंमत नाही.

बरं, जोपर्यंत आपण आहोत तोपर्यंत तरी ते आपले आहेत का? निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या दोन कन्सोलच्या ऑनलाइन दुकानातली विक्री २७ मार्च २०२३ रोजी बंद केली. घेतलेलं पुन्हा उतरवून घ्यायची सोय ठेवली, पण ती किती दिवस ठेवायची हे त्यांच्या मर्जीवर. जे गेम फक्त त्याच दुकानात होते ते नव्या माणसाला सरळ मार्गाने मिळायचेच बंद झाले. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला बंद केलं. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात कुठेच विकत मिळत नव्हते. उरलेत ते कुणाच्या तरी माळ्यावरच्या खोक्यांत. ते खोके नसते तर?

आणि पुस्तकवाल्यांनी हसू नये. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलवरून एक पुस्तक परस्पर पुसून टाकलं होतं. विकणाऱ्याकडे त्याचे हक्क नव्हते म्हणे. पैसे परत दिले, पुढे मालकांनी माफीही मागितली. पुस्तक कोणतं होतं? जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४'. असा विनोद ठरवून करता येत नाही. तुमच्या घरातल्या फडताळातून पुस्तक काढून नेऊन त्या जागी कुणी नोट ठेवून गेलं, तर आपण त्याला दुकानदार म्हणू का?

आता समोरच्यांची बाजूही मांडतो, नाहीतर एकतर्फी होईल.

डाउनलोड सोयीचं आहे, मान्य. डिस्कवर चरे पडतात, ती हरवते, घरात जागा खाते. सेलमध्ये डाउनलोडचे गेम पाव किमतीला मिळतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन-तीन जणांनी मिळून केलेले छोटे सुंदर गेम डाउनलोडमुळेच आपल्यापर्यंत आले. त्यांना डिस्क छापणं कधीच परवडलं नसतं. यातलं काहीही मी नाकारत नाही.

उलट डिस्कवाल्यांनाही दोन शब्द सुनावतो. डिस्क हातात आहे म्हणजे गेम हातात आहे, या भ्रमात राहू नका. 'कॉल ऑफ ड्यूटी'चा २०२२ सालचा भाग आठवा. डिस्कवर जेमतेम ७० एमबीच्या आसपास माल होता, बाकी सगळं इंटरनेटवरून उतरवायचं. २०२५ च्या जूनमध्ये निन्टेन्डोचा स्विच २ आला. त्याच्या काही गेमच्या कार्डात गेमच नसतो, नुसती किल्ली असते. (ती किल्ली निदान दुसऱ्याला देता तरी येते, हे कबूल केलं पाहिजे.) आणि युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ चा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. तो डिस्कवर मिळायचा. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागसुद्धा सर्व्हरशिवाय चालत नसल्याने डिस्क जागच्या जागी चहाच्या कपाखाली ठेवायच्या लायकीची झाली.

म्हणजे भांडण प्लास्टिक विरुद्ध इंटरनेट असं नाहीच. भांडण आहे ते दोरीचं. वस्तू माझ्या घरात, पण तिची दोरी दुकानदाराच्या हातात. ही दोरी तांत्रिक गरज म्हणून बांधलेली नाही, याचा पुरावाही आहे. जीओजी नावाचं दुकान २००८ पासून गेम विकतंय. तिथे पैसे द्या, फाईल उतरवून घ्या, आपल्या हार्ड डिस्कवर ठेवा. उद्या दुकान बुडालं तरी गेम चालेल. डाउनलोडच, पण दोरीशिवाय. धंदा बुडाला? नाही बुडाला.

माझ्या व्यवसायातले मित्र म्हणतात, "सर्व्हर चालवायला पैसे लागतात, कायमचे कोण चालवणार?" कुणीच नाही, आणि तसं कुणी मागतही नाही. मी स्वतः जुनी सर्व्हर बंद केली आहेत, त्यामुळे खर्च मला सांगू नका. मागणं एवढंच आहे की दुकान आवरताना, ज्यांनी पैसे मोजलेत त्यांना वस्तू चालू अवस्थेत देऊन जा. द क्रूच्या प्रकरणानंतर युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली ती याच मागणीसाठी. युरोपीय संघाकडे द्यायच्या तिच्या अर्जाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्या ओलांडल्या. पोरखेळ म्हणून हसणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

कॅलिफोर्नियाने निदान खोटं बोलणं तरी अवघड केलं. तिथे १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे. विकणाऱ्याला डिजिटल वस्तूसाठी 'विकत घ्या' असे शब्द वापरायचे असतील तर हा फक्त परवाना आहे, हे स्पष्ट सांगावं लागतं. जी वस्तू कायमची उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वापरता येते, तिला यातून सूट आहे. म्हणजे कायद्यालाही दोरी दिसली. पण दोरी आहे असं लिहिल्याने दोरी तुटत नाही.

तुमच्याकडे हा प्रश्न जास्त बिकट आहे असं मला वाटतं. डेटा स्वस्त, फोन प्रत्येकाच्या हातात, त्यामुळे डिस्कचा टप्पा बहुतेक घरांनी पाहिलाच नाही. आपण एकदम दोरीवाल्या जगात उतरलो. ज्याने कधी वस्तू हातात धरलीच नाही, त्याला ती गेल्याचं कळणार कसं?

मी काय करतो ते सांगतो. पूर्ण गेम डिस्कवर असेल तर डिस्क घेतो. फाईल माझ्याकडे राहत असेल तर डाउनलोड खुशाल घेतो. यातलं काहीच नसेल तर ते भाडं आहे असं समजतो आणि भाड्याइतकेच पैसे देतो. सेलची वाट बघतो. पूर्ण किंमत मालकीला, भाडोत्र्याला नाही. आणि मुलाच्या खात्यात काय काय 'आपलं' आहे, हे एकदा शेजारी बसून त्याच्याबरोबर वाचा. मी ते दहा वर्षं उशिरा केलं.

लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान होतं. व्हिडिओ गेमची जुनी कॅसेट आणि वर थोडे पैसे दिले की दुसरी मिळायची. घरी येऊन फुंकर मारायची, खोचायची, चालू. त्या कॅसेट नकली होत्या हे फार नंतर कळलं. आज प्रामाणिकपणे पूर्ण पैसे देऊन घेतलेल्या गेमपेक्षा ती नकली कॅसेट जास्त माझी होती, ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटते. माझ्यासाठी नव्हे, या धंद्यासाठी.

असो. साताऱ्याला पोचलो. पुतण्याने अकरा डिस्क जमिनीवर मांडल्या, मोजल्या, आणि विचारलं, "काका, दादा तर पस्तीस म्हणाला होता. बाकीचे?"

मी त्याला परवाना म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे दादाला फसवलं?"

वय वर्षं दहा. वकील नाही, इंजिनियर नाही. मला त्याचं म्हणणं खोडून काढता आलं नाही. तुम्हाला येतंय का बघा.