पान ८४ उघडा

१५ ऑक्टोबर ही डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जन्मतारीख. २०१५ पासून महाराष्ट्रात हा दिवस ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. आजही शाळाशाळांच्या पटांगणांवर सतरंज्या पडतील, मुले हाती एकेक पुस्तक घेऊन रांगेने बसतील आणि काही वेळ सगळी शाळा एकदम वाचेल. याच तारखेला पांढऱ्या काठीचाही दिवस येतो. १९६४ साली अमेरिकेने तो सुरू केला, आता तो अनेक देशांत पाळला जातो. अंध माणसाच्या हातातली ती काठी म्हणजे कुणाचा हात न धरता चालण्याची खूण. मग कुणाच्या तोंडाकडे न बघता वाचण्याचे काय? २०११ च्या जनगणनेत देशातील दृष्टिबाधितांची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली होती. त्या सतरंजीवर त्यांची जागा कुठे आहे, हे आजच्या दिवशी तरी विचारले पाहिजे.

वर्गात बाई म्हणतात, “पान ८४ उघडा.” पाने फडफडतात आणि क्षणात सगळा वर्ग त्या पानावर असतो. अंध विद्यार्थी मात्र वर्षानुवर्षे कॅसेट घेऊन बसत आला. ९० मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला ४५ मिनिटांचा मजकूर मावतो. जाडजूड पुस्तक म्हटले की कॅसेटची चळतच. त्यातल्या कुठल्या कॅसेटच्या कुठल्या बाजूला पान ८४ आहे? टेप पुढे पळवायची, थांबवायची, कान द्यायचा, जास्त पुढे गेली म्हणून मागे घ्यायची. तोवर बाई ८६ व्या पानावर पोचलेल्या असतात.

ब्रेल आहे की, असे कुणी म्हणेल. आहेच, आणि शुद्धलेखन व गणित बोटांनीच शिकावे, यात आम्हाला शंका नाही. पण एका पाठ्यपुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक खंड होतात, आणि उतारवयात दृष्टी गेलेल्यांच्या बोटांना ती टिंबे सहज लागत नाहीत. त्यांना पुस्तक कानांनीच वाचावे लागते.

वाचणे हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. डोळस वाचक पुस्तकावर हुकमत गाजवतो. कंटाळवाणे प्रकरण उलटून टाकतो, शेवट आधी बघतो, तळटीप नको असेल तर सोडतो, आवडलेल्या ओळीशी परत परत येतो. कॅसेट ऐकणाऱ्याला यातले काहीही धड करता येत नव्हते. टेप नेईल तिकडे आणि नेईल त्या क्रमाने त्याने जायचे. ही अडचण सोडवण्याचे काम स्वीडनच्या बोलत्या पुस्तकांच्या ग्रंथालयाने हाती घेतले. १९९६ साली निरनिराळ्या देशांतील अशा ग्रंथालयांनी एकत्र येऊन डेझी कन्सॉर्शियम स्थापन केले. तेव्हापासून अंधांच्या जगात डेझी हे फुलाचे नाव राहिलेले नाही, ते पुस्तकाचे नाव आहे.

डेझी पुस्तकात मजकूर असतो, आवाज असतो आणि या दोघांना एकमेकांशी बांधणारी एक फाइल असते. कुठले वाक्य आवाजात कितव्या सेकंदाला सुरू होते आणि कितव्या सेकंदाला संपते, याची नोंद तीत असते. अनुक्रमणिका नुसती ऐकायची नसते, तिच्यावरून उडी मारता येते. शीर्षकांच्या ६ पातळ्या ठेवता येतात: भाग, प्रकरण, उपप्रकरण असे खाली खाली जात. कळ दाबली की पुढचे प्रकरण, पातळी बदलली की पुढचा मुद्दा. पानाचा आकडा टाकला की छापील पुस्तकातले तेच पान. टिपा बंद ठेवता येतात, वाचनाचा वेग वाढवता येतो, खूण घालून ठेवता येते. पान ८४ आता त्या विद्यार्थ्यालाही शेजारच्या मुलाइतक्याच वेळात उघडते.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. दासबोधाचे २० दशक, प्रत्येक दशकाचे १० समास, समासात क्रमांक घातलेल्या ओव्या. प्रत कुठल्याही छापखान्याची असो, दशक, समास आणि ओवी सांगितली की निरूपणकार आणि श्रोता एकाच जागी येतात. पानांच्या आकड्यांचीसुद्धा गरज पडत नाही. ग्रंथ ज्या काळात डोळ्यांइतकाच कानांनी वाचला जात होता, त्या काळाने ही वाट आखून ठेवली. दशक ही डेझीची पहिली पातळी, समास ही दुसरी. कानांनी वाचणारा ग्रंथकारही मराठीत होऊन गेला. विदर्भातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊन ज्ञान मिळवले आणि अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात विपुल ग्रंथरचना केली. असा असामान्य माणूस आणि वाचून दाखवणारे शिष्य असा योग किती जणांच्या वाट्याला येणार? सामान्य अंध वाचकाला वाचून दाखवणाऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहावे लागू नये.

साधने आज हाताशी आहेत. २००८ साली मायक्रोसॉफ्ट आणि डेझी कन्सॉर्शियम यांनी वर्डसाठी एक पूरक प्रणाली खुली केली. ती तयार केली बेंगळुरूच्या सोनाटा सॉफ्टवेअरने. वर्डमधली फाइल तिच्यामुळे डेझीच्या साच्यात उतरवता येऊ लागली. आता वर्डची फाइल ईपब या साच्यातल्या ई-पुस्तकात बदलणारी मोफत साधनेही आहेत. पण आपण मजकूर कसा टंकतो, यावर सगळे अवलंबून आहे. आपण मथळा मोठा करतो, ठळक करतो, मध्यभागी आणतो. डोळ्यांना तो मथळा दिसतो, प्रणालीला मात्र ती आणखी एक ओळ वाटते. त्या ओळीवर कर्सर ठेवून हेडिंग १, हेडिंग २ अशी शैली निवडली, तरच प्रणालीला ते प्रकरण आहे हे कळते. एवढ्याशा कामाअभावी ३०० पानांची फाइल पुन्हा एक लांबच लांब कॅसेट होऊन बसते.

मराठीचे दुखणे याहून खोल आहे. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षर मराठी दिसते, पण संगणकाच्या पोटात त्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर ती चिन्हेच बडबडतो. सुंदर मांडलेले अख्खे पुस्तक कानाला निरर्थक गोंगाट वाटते. युनिकोडने हा प्रश्न सोडवला त्याला आता बराच काळ लोटला. तरीही कार्यालयांतून कागद स्कॅन करून पीडीएफ चढवली जाते. ते पानाचे छायाचित्र असते, त्यात वाचायला अक्षरच नसते.

यांत्रिक आवाजाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. परिपत्रक, नोट्स, संदर्भग्रंथ यांना तो पुरे आहे, आणि वाट पाहण्यापेक्षा तो केव्हाही बरा. पण ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतल्या ज चे दोन उच्चार लिपीत वेगळे दिसत नाहीत, ते मराठी माणसाच्या जिभेवर असतात. कविता आणि कथा माणसानेच वाचाव्यात. ज्यांचा आवाज चांगला आहे आणि हाती थोडी सवड आहे, त्यांच्यासाठी हे काम कायम खुले आहे.

कायद्याची अडचण तर उरलेलीच नाही. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्व हक्क कायद्यात अपंगांसाठी सुगम प्रती करण्याची सवलत आली. अंधांना सुगम प्रती मिळाव्यात यासाठी झालेल्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला सर्वांत आधी, २०१४ साली, मान्यता दिली ती भारताने. २४ ऑगस्ट २०१६ रोजी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. तरीही आज एखादी संस्था मराठी पुस्तक विकत घेते, त्याची बांधणी उसवते, पान पान स्कॅन करते, यंत्राने ओळखलेली अक्षरे माणसे बसवून तपासते. आणि हे सगळे चालू असताना त्याच पुस्तकाची तयार फाइल प्रकाशकाच्या संगणकात पडून असते. हा श्रमांचा अपव्यय आम्हाला असह्य वाटतो.

मराठी प्रकाशकांनी पुस्तक छापायला जाईल त्याच दिवशी त्याची युनिकोड फाइल सुगम्य पुस्तकालयासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे पाठवावी. साहित्य संस्थांनी पुरस्कारासाठी पुस्तके मागवताना ही अट घालावी. पाठ्यपुस्तके आणि सरकारी प्रकाशने निघतील ती शीर्षकांसह, युनिकोडमध्येच निघावीत. आणि शिक्षकांनी आज पटांगणावर जाण्यापूर्वी आपल्या नोट्सची एक फाइल उघडावी, फॉन्ट पाहावा, मथळ्यांना हेडिंग द्यावे आणि शाळेतल्या अंध विद्यार्थ्याला ती पाठवावी.