जुन्या आवृत्तीचा तीस दिवसांचा भरवसा

संगणकाने लेखनातील खाडाखोड नाहीशी केली. हस्तलिखितात खोडलेला शब्द वाचता येत असे, समासात भर कोणी घातली हे अक्षराच्या वळणावरून ओळखता येत असे. संगणकावर दुरुस्ती करून फाईल जतन केली की कालचा मजकूर साधारणतः उरत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी ‘क्लाउड’वर बदलांगणिक जुनी आवृत्ती राखून ठेवण्याची सोय आली. सोय उत्तमच आहे. परंतु तिच्या भरवशावर लहानमोठ्या संस्था, मंडळे आणि शाळा ज्या प्रकारे निर्धास्त झाल्या आहेत, तो निर्धास्तपणा मात्र अस्थानी आहे.

गुगल ड्राइव्हवर चढविलेल्या वर्ड वा पीडीएफ फाईलची जुनी आवृत्ती ३० दिवसांनंतर, किंवा १०० नव्या आवृत्त्या साचल्यानंतर, काढून टाकली जाऊ शकते. ड्रॉपबॉक्सच्या साध्या खात्यातही मुदत ३० दिवसांचीच. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवरील व्यक्तिगत खात्यात शेवटच्या २५ आवृत्त्या मिळतात. संस्थांचा कारभार या गतीने चालत नाही. एप्रिलमध्ये हिशेबातील एखादा आकडा चुकून पुसला गेला आणि सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत एखाद्या चिकित्सक सभासदाने तो विचारला, तर तीस दिवसांच्या स्मरणशक्तीचा उपयोग काय? ड्राइव्हवर विशिष्ट आवृत्ती कायम राखण्याची खूण करता येते. गुगल डॉक्समध्ये आवृत्तीला ‘सभेत मंजूर’ असे नाव देऊन ठेवता येते आणि पुढे गरज पडल्यास तीच पुन्हा आणता येते. तसे केल्याने मधले बदलही पुसले जात नाहीत. हे काम जेमतेम अर्ध्या मिनिटाचे आहे. ते न करता ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’, ‘अंतिम खरी’ अशा नावांच्या फायलींची रांग लावण्यातच आपल्याकडे धन्यता मानली जाते!

याहून गंभीर प्रश्न मालकीचा आहे. संस्थेचे इतिवृत्त, सभासदांची यादी, देणग्यांचा तपशील हे सारे बहुधा एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या व्यक्तिगत खात्यात असते. तो गावी गेला, रुसला किंवा त्याचे खाते बंद पडले, की फाईल आणि तिचा इतिहास दोन्ही हातचे जातात. नव्या चिटणीसाला त्या डॉक्स फाईलची प्रत काढून दिली तर काम भागले असे वाटते. पण प्रतीबरोबर जुन्या आवृत्त्या येत नाहीत. कोणता ठराव केव्हा आणि कोणी बदलला, याचा पुरावा मूळ खात्यातच राहतो.

कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली आहे, पण मर्यादित. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरावयाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये, असा केंद्राचा नियम आहे. इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबवह्यांचा बॅकअप दररोज भारतातील सर्व्हरवर घेतला जावा, असेही बंधन २०२२ मध्ये आले. हे नियम कंपन्यांसाठी आहेत. विश्वस्त मंडळाला किंवा वाचनालयाला हा दंडक आपणहून लावून घेण्यास कोणाची आडकाठी आहे? इतिवृत्ताचे मोल ताळेबंदाहून कमी कसे?

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. जुनी आवृत्ती म्हणजे दुसरी प्रत नव्हे. मूळ फाईल ज्या घरात, त्याच घरात तिच्या आवृत्त्याही नांदतात. दक्षिण कोरियाच्या शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘जी-ड्राइव्ह’ हा सामाईक साठा उभारला होता. तेथील कार्मिक व्यवस्थापन मंत्रालयाने तर सर्व कामकाज त्यातच ठेवण्याचा दंडक घातला होता. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील राष्ट्रीय माहिती केंद्राला बॅटरीतून आग लागली आणि ८५८ टेराबाइटचा तो साठा भस्मसात झाला. साठा फार मोठा असल्याने त्याची प्रत बाहेर ठेवलीच नव्हती, असे अधिकाऱ्यांनी नंतर सांगितले. तंत्रज्ञानात अग्रेसर म्हणविणाऱ्या त्या देशातील कर्मचाऱ्यांना मग स्वतःचे संगणक, ई-मेल आणि कपाटांतील छापील कागद धुंडाळून आपले काम पुन्हा जुळवावे लागले.