नाका माणसांनी चालतो

तपासणी नाका म्हटला की कामगाराच्या कपाळाला आठी पडते. पाळी सुटली की कारखान्याच्या फाटकावर डबा उघडा, पिशवी झटका, हे आमच्या अंगवळणी पडले आहे. तरीही आम्ही तपासणीच्या विरोधात नाही. रेल्वेची मालमत्ता जनतेची आहे. ती जपणे संघटनेचेही कर्तव्य आहे. आमचा सवाल एवढाच, की नाका कशासाठी आणि कोणाच्या भरवशावर?

११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अवघ्या काही मिनिटांत ७ स्फोट झाले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये दोन बंदूकधारी शिरले. त्या रात्री उद्घोषक विष्णू झेंडे यांनी जागा न सोडता ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना बाहेर पडण्याची वाट सांगितली आणि अनेकांचे प्राण वाचविले. कामी आला तो कामावर हजर असलेला कर्मचारी.

मोठ्या स्थानकांवर धातुशोधक चौकटी आणि सामान तपासण्याची क्ष-किरण यंत्रे बसली. पण चौकट फक्त वाजते. थांबवून पिशवी उघडायला माणूस लागतो. एका दारावर चौकट आणि बाकीच्या वाटा मोकळ्या, ही सुरक्षा नव्हे, देखावा आहे. २००३ च्या कायदादुरुस्तीने प्रवाशांच्या रक्षणाची जबाबदारी रेल्वे संरक्षण दलावर आली. जबाबदारी वाढविणाऱ्यांनी त्या मानाने माणसे दिली काय?

टपाल बांधवांचे दुखणेही हेच. स्फोटक वस्तू टपालाने पाठविण्यास मनाई आहे. पण शिवलेल्या पार्सलात काय आहे, हे खिडकीवरच्या कारकुनाला कसे दिसावे? तेच पार्सल पुढे सॉर्टरच्या हातात आणि मेलगाडीत जाते. धोका पहिल्याने त्यांच्याच अंगावर.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. स्थानकाच्या प्रत्येक दारावर, प्रत्येक पाळीत माणूस हवा, आणि तो कायम नोकरीतला हवा. महिलांची झडती महिला कर्मचाऱ्यानेच घ्यावी. पार्सल थैलीत पडण्यापूर्वी यंत्राखालून जावे. आणि फाटकावर कामगाराचा डबा उघडत असेल, तर साहेबाच्या मोटारीची डिकीही उघडली पाहिजे. नियम सर्वांना सारखा असला की तपासणीत अपमान राहत नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या ठिकाणची कोणती दारे कोणत्या पाळीत माणसाविना असतात, याची नोंद करून शाखेकडे लेखी द्या. हातात पुरावा असला, की प्रशासनापुढे बोलायला बळ येते.