नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी?

महिन्याचे ते दिवस आले, की मध्यमवर्गीय घरांत दोन उपाय ठरलेले असतात. परीक्षेच्या तयारीत असलेली मुलगी औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणते. आजी अशोकारिष्टाची बाटली किंवा शतावरी कल्प पुढे करते. गोळीमागे ‘सगळ्याच घेतात’ हा समज असतो, तर काढ्यामागे ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ ही श्रद्धा. डॉक्टरांना वा वैद्यांना विचारण्याची आवश्यकता दोघींनाही वाटत नाही. खरे तर हे दोन्ही समज तपासून घेण्याजोगे आहेत.

पाळीपूर्वी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी घसरते आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशय आकुंचन पावते व कळा येतात. मेफेनामिक ॲसिड, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे या द्रव्यांची निर्मितीच रोखतात. ॲस्पिरिनच्या संदर्भात ही क्रिया जॉन वेन यांनी १९७१ मध्ये उलगडून दाखविली. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. तेव्हा वैद्यकीय सल्ल्याने दोन-तीन दिवस गोळी घेण्यात गैर काहीच नाही. मुलीने निमूटपणे सोसावे, ही अपेक्षा मात्र निश्चितच गैर आहे.

परंतु बीजकोष फुटून स्त्रीबीज बाहेर पडण्यासाठीही हीच द्रव्ये लागतात. कंबरदुखी वा सांधेदुखीसाठी अशा गोळ्या सतत घेणाऱ्या तरुण स्त्रीच्या बाबतीत बीजकोष न फुटण्याची शक्यता असते. पाळी नियमित येते, संप्रेरकांच्या तपासणीतही फारसे काही आढळत नाही, आणि तरीही गर्भ राहत नाही. औषध थांबविल्यावर हा परिणाम सहसा ओसरतो. पण गोळीचा उल्लेखच झाला नाही, तर कारण उमगणार कसे? गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर या गोळ्या टाळाव्यात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये दिला. मेफेनामिक ॲसिडमुळे क्वचित उद्भवणाऱ्या गंभीर प्रतिक्रियेविषयी भारतीय औषधकोश आयोगानेही २०२३ मध्ये सावध केले.

आता वनौषधींकडे वळू. चरकसंहितेत स्त्रीरोगांचे वीस प्रकार वर्णिले असून वेदनायुक्त पाळीचाही त्यांत विचार आहे. या परंपरेचा अभिमान रास्तच आहे. मात्र, ज्या वनस्पतीत गुण आहे, तिच्यात अवगुणाची शक्यताही असतेच. शतावरीत स्टेरॉइड वर्गातील सॅपोनिन द्रव्ये असतात. मानवी संप्रेरकांवर त्यांचा नेमका प्रभाव किती, हे सांगणाऱ्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. त्यामुळे संप्रेरकांशी निगडित स्तनकर्करोग झालेल्या स्त्रीने किंवा गर्भवतीने अशी औषधे स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे ठरू शकते. शिवाय, खऱ्या सीता अशोकाची झाडे दुर्मिळ होत चालली असून त्याच्या सालीत रस्त्याकडेच्या उंच, सरळ वाढणाऱ्या खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ होते. बाटलीवर नाव अशोकाचे आणि आत साल दुसऱ्याच झाडाची, असा प्रकार झाला तर दोष आयुर्वेदाचा की व्यापाराचा?

अयोग्य रीतीने योजलेले औषध विषासमान ठरते, हा विचार चरकांचाच आहे. तेव्हा परंपरेचा कैवार घेणाऱ्यांनीच वनौषधींच्या काटेकोर चाचण्यांचा, शुद्धतेच्या प्रमाणपत्राचा आणि सीता अशोकाच्या लागवडीचा आग्रह सर्वांआधी धरावयास हवा. परीक्षेला सामोरे जाण्याने आयुर्वेदाची प्रतिष्ठा उणावणार नाही, उलट वाढेल.

आणि घराघरांत? दर महिन्याला शाळा बुडावी इतकी वेदना होत असेल, ती वाढत चालली असेल वा रक्तस्राव अतिरिक्त असेल, तर ते ‘बायकांचे नेहमीचेच’ नव्हे. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार अशाच दुर्लक्षामुळे अनेकदा वर्षानुवर्षे लपून राहतो. गोळी असो वा काढा, तज्ज्ञांना दोन्ही सांगावे, काहीही लपवू नये. लेकीचे दुखणे मोकळेपणाने ऐकून घेणारे घर हाच उपचाराचा पहिला टप्पा होय.