चढावर दम टाकणारी गाडी आणि ड्रायव्हरच्या माथी बसणारे बिल

भिवंडीहून सूत भरून मालेगावकडे निघालेला टेम्पो कसारा घाटात मान टाकतो, दुसऱ्या गिअरवरही ओढत नाही, मागून ट्रकांचे हॉर्न सुरू होतात; आणि इगतपुरीची सपाटी आली की तोच टेम्पो जणू काही झालेच नव्हते असा पळू लागतो. स्वतःची गाडी बाळगणाऱ्या व्यापारी बांधवांना ही तक्रार नवी नाही. आपल्या धंद्यात कापड घाट उतरते आणि सूत घाट चढते, म्हणजे जड फेरा नेमका चढाचाच असतो. या दुखण्यावर जो पैसा खर्च होतो त्यातला बराचसा चुकीच्या जागी जातो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याचे कारण साधे आहे. दुखणे घाटातले आणि तपासणी गॅरेजच्या फरशीवर. मिस्त्री गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून रेस देतो, इंजिन छान गुरगुरते, मग अंदाजाने एकेक भाग बदलला जातो. हवेचा रोध सोडला तर सपाट रस्त्यावर एक टन वजन हलते ठेवायला साधारण 10 ते 15 किलोचा जोर पुरतो. 20 फुटांना 1 फूट असा चढ आला की त्याच एका टनामागे आणखी 50 किलोचा जोर लागतो. सपाटीवर निम्म्या ताकदीचे इंजिनही वेळ मारून नेते. चढावर त्याचे पितळ उघडे पडते. कसारा ते इगतपुरी रेल्वेचा चढ 37 ला 1 आहे आणि तेथे रेल्वेसुद्धा गाड्यांना जादा इंजिने जोडते. मागावरचा दोष माग बंद करून सापडत नाही, चालत्या मागापाशीच उभे राहावे लागते. गाडीचेही तसेच. मिस्त्रीला माल भरलेल्या गाडीत बसवून चढावर न्यावे.

तेथे पहिला प्रश्न हा, की रेस वाढते पण वेग वाढत नाही, की रेसच पडते? रेस वाढून गाडी जागची हलत नसेल आणि जळका वास येत असेल तर क्लचप्लेट घसरते आहे. इंजिनाला हात लावण्याचे कारण नाही. रेसच पडत असेल तर इंजिनाला हवा किंवा डिझेल कमी पडते आहे, नाहीतर धूर बाहेर पडायला वाट नाही. आता आरशात धूर पाहावा. काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण हवा नाही: एअर फिल्टर तुंबलेला किंवा टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा होज पाईप फाटलेला. हा पाईप मोठा फसवा. सपाटीवर त्यात दाब कमी असतो म्हणून चीर मिटलेली राहते, चढावर दाब वाढला की ती उघडते. धूर नाही आणि गाडी झटके देते, तर डिझेल फिल्टर, टाकीतली जाळी, डिझेलमधले पाणी पाहावे. सुरक्षित जागी थांबून चाकांजवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक इतरांपेक्षा फार तापले असेल तर तेथला ब्रेक धरून राहिला आहे. एवढी तपासणी होईपर्यंत नोझल आणि पंप उघडू देऊ नयेत.

1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 डिझेल गाड्यांत आणखी एक गोष्ट आहे. काही बिघडले की गाडीतला संगणक स्वतःच ताकद कमी करतो. चढावर बंद करून पुन्हा चालू केल्यावर गाडी थोडा वेळ नीट ओढते, ती बरेचदा याची खूण असते. येथे स्कॅनर लावल्याशिवाय बोलू नये. धुरातली काजळी अडवणारी जाळीही या गाड्यांत असते. ती काजळी लांब पल्ल्याला, सायलेन्सर चांगला तापल्यावरच जळते. दिवसभर गोदाम ते कारखाना अशी गल्लीत रांगणारी गाडी त्यामुळे लवकर तुंबते. उंचीमुळे हवा विरळ होते हे मिस्त्रीचे म्हणणे लेहच्या रस्त्यावर खरे, इगतपुरीला नाही. 600 मीटरच्या आसपासच्या उंचीवर बिनटर्बोच्या इंजिनाचीही ताकद शेकडा 6 च्या आसपासच घटते.

वजनाचा विषय आपल्या मंडळींना आवडत नाही, तरीही सांगतो. सुताच्या बिलावर वजन लिहिलेले असते, त्याची बेरीज गाडीच्या पासिंगशी ताडून पाहावी. 2019 च्या दुरुस्ती कायद्यात जादा वजनाला 20 हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला 2 हजार रुपये दंड ठेवला आहे. दीडपट माल भरून इंजिनाला दोष देणे हा हिशेब नव्हे.

आमच्या परिचयाच्या एका व्यापाऱ्याच्या टेम्पोचे नोझल बदलले, मग पंप उतरवला, आणि अॅव्हरेज पडले म्हणून ड्रायव्हरच्या पगारातून तीन महिने डिझेल कापले गेले. शेवटी दोष निघाला फाटक्या होज पाईपचा. ड्रायव्हर पहिल्यापासून सांगत होता की फक्त चढावर शिट्टीसारखा आवाज येतो. ते कोणी ऐकले नाही, कारण तो ड्रायव्हर. इंजिन आणि त्याच्या पगारातले पैसे, दोन्हींची बिले त्या एका चिरेपायी लागली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाल्यापासून काहींनी जुना घाटच सोडला आहे. टोल भरून दोष झाकता येतो, एवढेच.

मिस्त्रीचीही बाजू आहे. व्यापारी भागाचे पैसे देतो, तपासणीचे देत नाही. अर्धा दिवस घाटात फिरून त्याने दोनशे रुपयांची चीर शोधली तर त्याला मिळणार काय? म्हणून तपासणीची मजुरी आधी वेगळी ठरवावी, दोष सापडला की मगच भागाची परवानगी द्यावी, आणि काढलेला जुना भाग बिलासोबत मागून घ्यावा. ड्रायव्हरची कपात तोवर वहीत चढवू नये.