जुने गवतकापणी यंत्र मोडीत काढण्यापूर्वी

मुंबईच्या उपनगरांत शेती उरली आहे काय, हा प्रश्न अंधेरी किंवा घाटकोपर स्थानकाबाहेर विचारला तर उत्तर नकारार्थीच मिळेल. तथापि गवत मात्र सर्वत्र आहे. गोरेगावच्या आरे वसाहतीची स्थापना 1949 साली झाली ती शहरातील म्हशी मोकळ्या जागी हलविण्यासाठी. तेथे आजही तबेले आहेत आणि ओलसर जमिनीत पॅरा गवत वाढते. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामधील राष्ट्रीय उद्यानात पावसाळा संपताच वणव्याच्या भयाने जाळरेषांवरील गवत काढावे लागते. गोराई-मनोरीच्या भातखाचरांचे बांध साफ करावे लागतात. शाळांची मैदाने, रोपवाटिका आणि गृहसंस्थांची हिरवळ ही तर निराळीच. विळ्याने गवत कापणारे हात दिवसेंदिवस दुर्मिळ होत असल्याने या सर्व ठिकाणी लहान पेट्रोल इंजिनाची गवतकापणी यंत्रे आली. त्यांतील जुनी यंत्रे बहुधा टू-स्ट्रोक पद्धतीची आहेत.

या यंत्रांची आज जी दुर्दशा दिसते ती शोचनीय आहे. दोन-तीन पावसाळे काम दिलेले यंत्र एके दिवशी सुरू होत नाही. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. मग ते कोपऱ्यात जाते आणि तेथून भंगारवाल्याकडे. वस्तुतः अशा यंत्रांपैकी पुष्कळांच्या इंजिनात काहीही मोडलेले नसते. मागील हंगामातले पेट्रोल टाकीत राहिलेले असते, एवढेच. गवताचा हंगाम मात्र कोणासाठी थांबत नाही. फुलोऱ्यावर आलेले गवत कापले तर त्यात सत्त्व असते. बी धरून वाळल्यावर उरते ते केवळ पोट भरणारे काड. त्या पंधरवड्यात यंत्र बंद राहिले तर होणारे नुकसान दुरुस्तीच्या खर्चाहून मोठे असते.

टू-स्ट्रोक इंजिनाची रचना समजून घेतली तर त्याचे भय वाटण्याचे कारण राहत नाही. इंग्लंडातील जोसेफ डे याने 1891 च्या सुमारास जे इंजिन पुढे आणले त्यात झडपांची गुंतागुंत जवळजवळ नव्हती; पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरची छिद्रे उघडतो आणि झाकतो. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण प्रथम खालच्या बंद पेटीत शिरते व तेथून वर ढकलले जाते. त्याच मार्गाने तेलही जाते, म्हणून पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. या साधेपणामुळे अशा इंजिनाला मुख्यतः चार गोष्टी लागतात: ताजे पेट्रोल, सशक्त ठिणगी, हवेची मोकळी ये-जा आणि दाब. दोष शोधावयाचा तो याच क्रमाने. अनेक हौशी दुरुस्तीकार पहिल्याच दिवशी कार्ब्युरेटर उघडून बसतात आणि त्यातील नाजूक पडदा फाडून ठेवतात; ही घाई टाळणे इष्ट.

प्रथम टाकी रिकामी करावी. तेलमिश्रित पेट्रोल महिनाभराहून अधिक ठेवू नये. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. 2025 मध्ये देशात हे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि कोकणपट्टीच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. पाणी फार झाले की इथेनॉलसह ते पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते व इंजिन नेमके तेच ओढून घेते. जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे पडदे या इंधनासाठी बनविलेले नव्हते. ते फुगतात किंवा ताठर होऊन चिरतात. म्हणून नळी वाकवून पाहावी आणि टाकीतील गाळणीही तपासावी. यंत्र सुरू होऊन पाच-दहा मिनिटांत बंद पडत असेल तर टाकीचे झाकण किंचित सैल करून पाहावे. तेवढ्याने ते चालू लागले तर दोष झाकणाच्या हवेच्या छिद्रात आहे, आणि त्याला पैसाही लागत नाही.

तेलाच्या प्रमाणाविषयी फार गोंधळ आढळतो. जुन्या यंत्रांना साधारणतः 25 भाग पेट्रोलला 1 भाग तेल, म्हणजे एका लिटरला 40 मिलिलिटर लागते. अलीकडील पुष्कळ यंत्रांना चांगल्या प्रतीचे तेल वापरल्यास 50 ला 1, म्हणजे 20 मिलिलिटर पुरते. यंत्रासोबतच्या पुस्तिकेतील प्रमाण अखेरचे मानावे. अंदाजाने धार धरणे सर्वथा त्याज्य. तेल कमी झाले तर पिस्टन अडकतो, अधिक झाले तर काजळी धरते.

त्यानंतर स्पार्क प्लग. तो काढताच पुष्कळ काही सांगून जातो. तपकिरी असेल तर ठीक. काळा व ओला असेल तर पेट्रोल येते आहे पण जळत नाही. अगदी कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. पांढरट असेल तर हवा अधिक येत आहे. प्लग स्वच्छ करून त्याच्या टोकांतील अंतर 0.6 मिलिमीटरच्या आसपास ठेवावे, टोपी लावून त्याचे लोखंडी अंग सिलिंडरला टेकवावे आणि दोरी ओढावी. निळी ठिणगी दिसली पाहिजे. ही परीक्षा प्लगच्या छिद्रापासून आणि पेट्रोलच्या डब्यापासून दूर, सावलीत करावी. ठिणगी नसेल व यंत्र फार जुने असेल तर फ्लायव्हीलखालचे पॉइंट पाहावेत. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत त्यांच्यावर गंज चढतो. पाते दगडावर आदळल्यानंतर यंत्र बिघडले असेल आणि दोरी उलटा झटका देत असेल, तर फ्लायव्हीलची लहानशी चावी कापली गेल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी ठिणगी पडते, परंतु अवेळी पडते.

यंत्र चालते पण गवतात शिरताच दम सोडते, अशी तक्रार सर्वात जास्त ऐकू येते, आणि तिचे मूळ बहुधा धूर बाहेर पडण्याच्या वाटेत असते. तेल जळून तेथे काजळीचा थर बसतो. सायलेन्सर उतरवावा, पिस्टन छिद्रासमोर येऊन ते पूर्ण झाकेल अशा स्थितीत आणावा आणि बोथट लाकडी काडीने काजळी खरवडावी. लोखंडी पाना वापरल्यास पिस्टनला चरा पडतो. पावसाळाभर पडून असलेल्या यंत्राच्या सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले आढळले तर नवल वाटू नये.

एवढे करूनही यंत्र हलले नाही, तर दोरी ओढताना अडसर जाणवतो का ते पाहावे. दोरी सैल सरकत असल्यास प्लगच्या छिद्रातून तेलाचे चार थेंब सोडावेत. अडसर वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. इंजिन आपोआप भरधाव पळत असेल तर ऑइल सीलमधून हवा शिरते आहे असे समजून ते तत्काळ बंद करावे. ही दोन्ही कामे कारागिराची आहेत. आणि कोणतेही काम असो, पात्याला हात लावण्यापूर्वी प्लगची टोपी काढलीच पाहिजे. खांद्यावरच्या यंत्रांत पात्याची चाकी सहसा उलट्या आट्यांची असते, हे विसरून जोर लावणाऱ्यांनी कित्येक आटे खराब केले आहेत.

कारागिरांच्या बाबतीत उपनगरे एके काळी भाग्यवान होती. रिक्षांना मुंबई शहरात प्रवेश नाही. त्या उपनगरांतच चालतात. त्यामुळे टू-स्ट्रोक रिक्षा व स्कूटर यांच्या काळात घाटकोपर, अंधेरी येथील रस्त्याकडेच्या दुकानांतून या इंजिनाची नाडी ओळखणारी माणसे सहज सापडत. पुढे सीएनजी व फोर-स्ट्रोक आले, हवा काहीशी सुधारली, ते योग्यच झाले; परंतु ती विद्या ज्यांच्या हातांत होती ते आता वृद्ध झाले आहेत. शासनाच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून 2014-15 पासून यंत्रखरेदीस अनुदान देण्याची सोय झाली. अनुदान स्वागतार्ह आहे. मात्र यंत्र देताना प्लग, पडदा, गाळणी व सील यांचा एक संच आणि अर्ध्या दिवसाचे हातांनी करावयाचे शिक्षण सोबत दिले नाही, तर ते साहाय्य अपुरेच राहते. विस्तार कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात भाषणांचा एखादा तास कमी करून टेबलावर एक बंद पडलेले इंजिन ठेवावे आणि ते खोलावयास अशाच एखाद्या जुन्या कारागिराला मानधन देऊन बोलवावे.

प्रत्येक जुने यंत्र वाचवावे असा मात्र याचा अर्थ नव्हे. टू-स्ट्रोक इंजिनात काही मिश्रण न जळताच बाहेर जाते. धूर व आवाज दोन्ही अधिक. मुलुंडच्या गृहसंस्थेत हिरवळीपाशी विजेची सोय असताना जुने धुरकट यंत्र जपण्यात शहाणपण नाही. तेथे विजेचे यंत्र घ्यावे. सिलिंडरला चरे पडले असतील तरी मोह सोडावा. परंतु आरेच्या पाड्यावरील उतारावर किंवा गोराईच्या बांधावर, जेथे वीज पोचत नाही आणि नवीन यंत्राची किंमत परवडत नाही, तेथे साठ-सत्तर टक्के दमाचे दुरुस्त यंत्रही हंगाम काढून देते.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. प्लग काढून चमचाभर तेल आत सोडावे, दोरी दोन-तीनदा हळू ओढावी व प्लग परत बसवावा. हवेच्या गाळणीचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवावा. इंजिन निवल्यावर सायलेन्सरच्या तोंडाला फडके बांधावे, आणि पुढील वर्षी ते सोडावयाचे राहू नये म्हणून दोरीच्या मुठीला एक चिठ्ठी अडकवून ठेवावी.