आधी फटी बुजवा, मग हीटर घ्या

आपल्या मंडळातले बरेच जण आता गाडीची छोटी कामं घरच्या गॅरेजमध्येच करतात. तेल बदलणं, ब्रेक पॅड, बॅटरी, हिवाळी टायर. मला याचा मनापासून आनंद वाटतो. पण मिनेसोटात नोव्हेंबर लागला की प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, "कुठला हीटर घेऊ?" हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न असा की गॅरेजातली ऊब बाहेर जाते कुठून?

आकडाच मांडून बघा. दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार साधारण 16 फूट बाय 7 फूट असतं. दार नुसत्या पत्र्याचं असेल, बाहेर उणे 20 अंश सेल्सिअस असेल आणि आत तुम्हाला 10 अंश हवे असतील, तर त्या एका दारातून सतराशे-अठराशे वॉट उष्णता सतत बाहेर जाते. दुकानात मिळणारा साधा विजेचा हीटर 1500 वॉटचा. म्हणजे तो रात्रभर चालवला तरी एकट्या दाराचीही भरपाई होत नाही. भिंती, छत आणि फटी अजून हिशेबात धरलेल्याच नाहीत. अशा वेळी माणूस दुसरा हीटर आणतो, नाहीतर प्रोपेन किंवा रॉकेलवर चालणारा मोठा भोंग्यासारखा हीटर आणतो. धोका तिथे सुरू होतो.

हा धोका मला का दिसतो ते सांगतो. मी सुरगाणा तालुक्यातला. आमच्याकडची जुनी घरं कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर माती-शेणाचा लेप. थंडी तिथेही असते, तालुक्यात स्ट्रॉबेरी पिकते ती काही उगाच नाही. घरात चूल पेटते, अंगणात शेकोटी पेटते आणि धूर कौलांच्या फटींतून निघून जातो. सुरगाण्यात गाड्यांचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेची पुढून उघडी पत्र्याची शेड. फिटर काहीबाही पेटवून हात शेकतो आणि कामाला लागतो, कारण तिथे हवा अडतच नाही. जाळाशी असलेला हा मोकळेपणा आपल्या हाताला लागलेला आहे. इथलं गॅरेज मात्र तीन बाजूंनी बंद, चौथ्या बाजूला खाली ओढलेलं दार आणि पलीकडे मुलांची झोपायची खोली. तोच हात तिथे जाळ पेटवतो, याची मला काळजी वाटते.

बंद जागेत जाळ पेटला की कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं की थकवा आला. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक, त्यात चार मुलं, हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले, ते उठलेच नाहीत. फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळात टेक्सासमध्ये वीज गेली तेव्हा लोकांनी ऊब मिळवायला गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या, घरात कोळसे पेटवले, आणि कुटुंबंच्या कुटुंबं रुग्णालयात पोचली.

"गाडी चालू करताना मी दार उघडं ठेवतो" हे उत्तर मला नेहमी मिळतं. ते पुरेसं नाही. गार इंजिन चालू होताना सर्वांत जास्त विषारी धूर सोडतं, कारण धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर तापलेला नसतो. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या चाचणीत दार उघडं ठेवून गाडी फक्त दोन मिनिटं चालू ठेवून बाहेर काढली, तरी दहा तासांनंतरही गॅरेजमध्ये हा वायू मोजता येत होता. इंजिन तपासायचं असेल तर गाडी बाहेर काढा, मग चालू करा.

म्हणून क्रम असा ठेवावा. दाराच्या तळाची रबरी पट्टी आणि कडांच्या पट्ट्या आधी बदला. हे सर्वांत स्वस्त काम आहे आणि फरक त्याच दिवशी जाणवतो. मग दाराला त्याच्यासाठीच बनवलेले इन्सुलेशनचे तक्ते लावा. दाराचं वजन वाढलं की स्प्रिंगचा ताण पुन्हा जुळवावा लागतो. तिथे मात्र स्वतः हात घालू नका, त्या स्प्रिंगने माणसं जायबंदी होतात. भिंतीत फोम भरलात तर तो उघडा ठेवू नका, वरून जिप्सम बोर्ड हवाच, कारण फोम भरभर पेटतो.

यानंतर हीटर. जाळाचा हवाच असेल तर बाहेरून हवा घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा, भिंतीला पक्का बसवलेला. धुराडं नसलेला प्रोपेन हीटर तर नकोच. विषाचा प्रश्न आहेच, शिवाय एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते, भिंतींना घाम फुटतो आणि पाने गंजतात. मी स्वतः 240 व्होल्टच्या विजेच्या हीटरच्या बाजूने आहे. त्याला स्वतंत्र सर्किट लागतं, ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून घ्यावं. साध्या हीटरलाही एक्स्टेंशन कॉर्ड लावू नये.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. म्हणूनच ठिणगी उडू शकेल असं उपकरण जमिनीपासून किमान 18 इंच वर ठेवण्याचा इथला नियम आहे. पेट्रोलच्या टाकीचं किंवा फ्युएल पाइपचं काम असेल त्या दिवशी हीटर बंद. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तापलेल्या पृष्ठभागावर पडला तर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, तेव्हा तो फवारतानाही हीटर बंद.

खंडेनवमीला आपण हत्यारं मांडतो, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो. दोन्ही सण थंडीच्या तोंडावर येतात. मंडळाच्या समितीला माझी विनंती आहे की त्याच आठवड्यात कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म सगळ्यांसाठी एकत्र मागवावेत. एक गॅरेजला लागून असलेल्या खोलीत, बाकीचे झोपायच्या खोल्यांबाहेर. साध्या अलार्मला गोठणारी थंडी चालत नाही, म्हणून गॅरेजमध्ये थंडी सोसणाराच घ्यावा. ज्यांना दाराच्या पट्ट्या बसवायला मदत हवी असेल त्यांनी समितीकडे नाव द्यावं, मी माझी शिडी आणि ड्रिल घेऊन येईन.